वसतिगृहातले मंत्रिमंडळ

गेल्या पावसाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका आश्रमशाळेत मंत्रिमंडळाचा शपथविधी पाहण्याचा योग आला. मंत्रिमंडळ अर्थातच मुलांचे. पण थाट कुठे कमी नव्हता. पटांगणात चिखल, म्हणून समारंभ व्हरांड्यात. टेबलावर सावित्रीबाईंची तसबीर, तिला रानफुलांचा हार. आदल्या आठवड्यात रीतसर मतदान झाले होते. हल्ली पुष्कळ शाळांतून करतात तसे एका सरांच्या मोबाइलवर मतदानयंत्र उतरवून घेतले होते, बटण दाबले की 'बीप' वाजे आणि बोटाला शाई लावली जाई. पहिलीतल्या पोरांना त्या आवाजाची इतकी गंमत वाटली की दोघे-तिघे पुन्हा रांगेत येऊन उभे राहिले आणि शाईमुळे पकडले गेले, असे मुख्याध्यापकांनी हसत हसत सांगितले. मुख्यमंत्री झाला दहावीतला एक मुलगा. मग शिक्षणमंत्री, आहारमंत्री, पाणीपुरवठामंत्री, स्वच्छतामंत्री, क्रीडामंत्री. आरोग्यमंत्री म्हणून आठवीतली एक मुलगी पुढे आली आणि तिने खणखणीत आवाजात शपथ घेतली.

जेवणानंतर मी तिला गाठले. "आरोग्यमंत्र्याने काय करायचं असतं गं?" तिला प्रश्न बाळबोध वाटला असावा. "नखं बघायची, सर. डोक्यातल्या उवा बघायच्या. रात्री कुणाला ताप आला, जुलाब झाले, तर बाईंना उठवायचं." बाई म्हणजे मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका. मी सहज विचारले, "आणि बाई नसल्या तर?" मुलीने माझ्याकडे पाहिले, मग मागे उभ्या असलेल्या सरांकडे पाहिले आणि पायाच्या अंगठ्याने फरशीवर रेघ ओढू लागली. सर म्हणाले, "बाई असतातच." विषय तेथे संपला.

संपला म्हणायचा एवढेच. माझ्या डोक्यातून तो गेला नाही. त्या शाळेत पहिलीपासूनची मुले राहतात. सहा-सात वर्षांची. घरी पावरी बोलणारी. त्यांना आलेले मराठी म्हणजे 'एक होता कावळा' एवढेच. पोटात नेमके कुठे दुखते, कसे दुखते, हे त्यांना त्यांच्याच बोलीत सांगता येते आणि ती बोली बहुतेक शिक्षकांना येत नाही. मध्यरात्री रडणाऱ्या पोरीचे दुखणे समजून घेऊन ते मराठीत सांगू शकेल असे माणूस त्या इमारतीत एकच, ही आठवीतली मुलगी. आपण तिला कौतुकाने 'आरोग्यमंत्री' म्हणतो, तिचे फोटो काढतो, व्यक्तिमत्त्व विकासाच्या अहवालात तिची नोंद करतो. प्रत्यक्षात त्या वसतिगृहातल्या आरोग्यव्यवस्थेचा पहिला दुवा तीच आहे. तो दुवा तुटला तर काय होते, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंचा अभ्यास करण्यासाठी डॉ. सुभाष साळुंखे यांची समिती नेमावी लागली आणि २०१६ मध्ये तिचा अहवाल आला. साप, ताप, कावीळ यांच्या बातम्या त्यानंतरही अधूनमधून येतच राहिल्या आहेत.

हा विषय रविवारच्या सकाळी आपल्यासारख्या घरात बसलेल्या वाचकापुढे का आणावा, असे कुणी म्हणेल. एक तर, मुलांनी घराबाहेर राहून शिकण्याचे प्रमाण आता लहानसहान राहिलेले नाही. आदिवासी विकास विभागाच्या शासकीय आणि अनुदानित मिळून हजारावर आश्रमशाळा राज्यात आहेत. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये २००४ पासून आहेत. ज्या तालुक्यांत निम्म्याहून अधिक आणि किमान वीस हजार आदिवासी लोकसंख्या आहे तेथे प्रत्येकी ४८० मुलांची एकलव्य निवासी शाळा काढण्याची घोषणा केंद्राने २०१८ च्या अर्थसंकल्पात केली. सैनिकी शाळा खासगी संस्थांच्या भागीदारीत वाढवायचे २०२१ मध्ये ठरले. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना आली. आणि मध्यमवर्गीय घरांतही 'आमचा मुलगा पाचगणीला असतो' किंवा 'मुलगी नवोदयला लागली' ही वाक्ये पूर्वीपेक्षा जास्त ऐकू येतात. या सगळ्या ठिकाणी जूनमध्ये शाळा उघडली की महिन्याभरात नेमणुका होतात. कुठे मंत्री, कुठे प्रिफेक्ट, कुठे हाऊस कॅप्टन. मुलगी फोनवर सांगते, 'आई, मी कॅप्टन झाले!' आणि आई पेढे वाटते. मी म्हणतो, पेढे अवश्य वाटावेत; पण त्या माउलीने एक प्रश्न लगेच विचारावा. तुला हे पद कोणी दिले, आणि तुझे काही चुकले तर तुला जाब कोण विचारणार?

कारण या पदांचे मूळ पाहिले तर ते तितकेसे निरागस नाही. इंग्लंडात रग्बी येथील शाळेत थॉमस अर्नोल्ड १८२८ मध्ये मुख्याध्यापक झाले. त्या काळची निवासी शाळा म्हणजे बंडखोर, मारकुट्या पोरांचा अड्डा. मास्तर मूठभर, पोरे शेकड्यांनी. रात्री खोल्यांतून काय चालते हे मास्तरांना कळणार कसे? अर्नोल्डसाहेबांनी वरच्या वर्गातल्या मुलांनाच हाताशी धरले, त्यांच्यावर विश्वास टाकला, त्यांच्याकडून नीतीची अपेक्षा ठेवली आणि त्याबरोबर धाकट्या मुलांना शिक्षा करण्याचा अधिकारही दिला. विश्वासाची गोष्ट खरीच होती. पुष्कळ मुले त्यातून घडली. पण शिक्षेचा अधिकार हीसुद्धा खरीच गोष्ट होती. रग्बीचाच माजी विद्यार्थी थॉमस ह्यूज याने १८५७ मध्ये लिहिलेल्या 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' या कादंबरीत धाकट्यांना छळणारा फ्लॅशमन अजरामर होऊन बसला आहे. डूनसारख्या आपल्याकडच्या पब्लिक स्कुलांत आणि पुढे सैनिकी शाळांत ही प्रिफेक्टची पद्धत आली. (पहिली सैनिकी शाळा साताऱ्याची, १९६१ ची, ही आपल्या अभिमानाची गोष्ट.) पद्धत आली तसा तिच्यातला दुहेरीपणाही आला. बिल्ला एकच असतो. तो छातीवर लावून एक मुलगा आजारी धाकट्याला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात नेतो आणि दुसरा त्याच बिल्ल्याच्या जोरावर धाकट्याकडून आपले बूट पुसून घेतो.

आपल्या मातीतली वसतिगृहाची परंपरा मात्र निराळ्या गरजेतून आली. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि त्यापाठोपाठ निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवले. त्या बोर्डिंगला १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते शाहू महाराजांचे नाव दिले गेले. तेथे मुलांनी स्वयंपाक करायचा, पाणी भरायचे, शेतात राबायचे. आज हे वाचून कुणी म्हणेल की ही तर बालमजुरी झाली. पण फरक आहे. ज्या काळात एका विहिरीचे पाणी सर्वांना मिळत नव्हते त्या काळात एका चुलीवर सगळ्या जातींच्या मुलांनी पाळीपाळीने भाकरी थापणे, हे काम नव्हते, तो समाजाला दिलेला जबाब होता. शिवाय ज्या घरातून हे चालत होते त्या घरातल्या लक्ष्मीबाईंनी मुलांच्या धान्यासाठी मंगळसूत्रासकट अंगावरचे दागिने विकले होते. मुलांना कामाला लावणारे स्वतः काय सोसतात हे मुलांच्या डोळ्यांसमोर होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' चालवीत, मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत. व्यवस्थापक झाडू हातात घेतो तेथे स्वच्छतामंत्र्याला खालच्या वर्गातल्या पोरांवर ओरडावे लागत नाही.

शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी मुलांचे भांडण मिटवायला मुलांचेच न्यायमंडळ ठेवले होते. इंग्लंडातच ए. एस. नील यांच्या समरहिल शाळेत मुलांची आणि मास्तरांची सभा भरते. तिच्यात नील यांना एक मत आणि सहा वर्षांच्या पोरालाही एकच. नील यांचे सगळे म्हणणे मला पटते असे नाही. मुलांना वर्गात बसण्याचीही सक्ती नको, हे आपल्या परिस्थितीत परवडणारे नाही. पण त्या सभेतली एक गोष्ट मात्र मला अजून मोलाची वाटते. तेथे मास्तरविरुद्ध तक्रार मास्तरसमोरच मांडता येते आणि ती लिहून घेतली जाते.

हे सगळे मी तटस्थपणे लिहीत आहे असा कुणाचा समज होऊ नये. मी स्वतः बोर्डिंगात वाढलो. सत्तरच्या दशकाचा आरंभ, दुष्काळाचे दिवस. एका तालुक्याच्या गावी बोर्डिंग. नाव कशाला सांगू, ते आता नाहीही. नववीत मला कोठीप्रमुख केले. निवडणूक वगैरे काही नाही. सुपरिटेंडेंट म्हणाले, "तुझं अक्षर बरं आहे, उद्यापासून किल्ली तुझ्याकडे." किल्ली करगोट्याला बांधून मी फिरू लागलो. सकाळी ज्वारी, तूरडाळ, तेल, मीठ मोजून स्वयंपाक्याला द्यायचे आणि वहीत लिहायचे. ज्याच्या करगोट्याला कोठीची किल्ली असते त्याला त्या वयात किती मित्र होतात, ते विचारू नका. शेंगदाण्याच्या मुठीवर मी कित्येकांकडून गणिते सोडवून घेतली.

सुगीच्या दिवसांत पोरे गावी जात. जेवायला ४१ असत. सुपरिटेंडेंट सांगत, "६२ लिही." मी लिहीत असे. मला त्यातले काही कळत नव्हते असे मी म्हणणार नाही. उरलेले धान्य कुठे जाते ते सगळ्या बोर्डिंगला दिसत होते. पण सरांनी सांगितले आहे, मी काय करणार, अशी मनाची समजूत घातली होती. एके दिवशी पाचवीतल्या एका पोराने पंगतीत सगळ्यांसमोर विचारले, "पाट मोजले तर ४१ आहेत, वहीत ६२ कसे?" प्रश्न बरोबर होता. विचारला मात्र मला. कारण सरांना विचारण्याची सोयच नव्हती. मी उठलो आणि त्याच्या थोबाडीत दिली. पंगत गप्प झाली. संध्याकाळी सुपरिटेंडेंटनी पाठीवर थाप मारली. "शिस्त ठेवलीस," म्हणाले. दिवाळीनंतर तो पोरगा परत आला नाही. त्याचे कारण निराळे असेल, घरची ओढाताण असेल, तेव्हा निम्मी पोरे अशीच गळत. पण पन्नास वर्षांनंतरही मला त्याचा गाल आठवतो.

म्हणून मी जेव्हा 'विद्यार्थी नेतृत्व' हे शब्द वाचतो तेव्हा पहिल्यांदा तिथल्या रिकाम्या जागा मोजतो. स्वयंपाकी नाही, कामाठी रजेवर, पहारेकऱ्याची जागा भरलेली नाही, अधीक्षक दोन ठिकाणचा कारभार पाहतात, अशा शाळेत जेव्हा चौदा वर्षांच्या मुलाला पाणीपुरवठामंत्री करतात तेव्हा त्याचा अर्थ, टाकी भरण्याचे काम त्याच्यावर आले आहे, एवढाच असतो. मुलांनी काम करू नये असे मी म्हणत नाही. मोठ्या मुली सकाळी ओळीने बसून लहानग्यांच्या वेण्या घालतात, ते दृश्य ज्याने पाहिले त्याला त्यात शोषण दिसणार नाही, ती घरची माया आहे. परंतु मायेने केलेली गोष्ट आणि माणूस नाही म्हणून लादलेली गोष्ट यांत गोंधळ होता कामा नये. पाण्याची मोटार जळली तर पाणीपुरवठामंत्र्याला मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन 'मोटार कधी दुरुस्त होणार?' असे विचारता येते का? येत असेल तर तो मंत्री. नसेल तर तो बिनपगारी नोकर आहे आणि शपथ हे त्याच्या गळ्यात घातलेले दावे आहे.

नवोदय विद्यालयांचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. १९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून जी पहिली दोन सुरू झाली त्यांतले एक आपल्या अमरावतीचे, दुसरे हरियाणातल्या झज्जरचे. सहावीपासूनची मुले. अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशा घरांत विभागलेली. प्रत्येक घराचा कॅप्टन. नववीत काही मुले वर्षभर परप्रांतातल्या नवोदयात जातात, तिकडची इकडे येतात. म्हणजे विदर्भातल्या एखाद्या कॅप्टनकडे हिंदी मुलखातून आलेली, वरणभाताला नाक मुरडणारी, रात्री आईची आठवण काढणारी पोरे असतात आणि त्यांना सांभाळून घेणे हे त्याचे काम असते. हे शिक्षण कुठल्याही शिबिरात मिळणार नाही. भोजन समितीत मुलांचे प्रतिनिधी असतात. पण तेथेही समितीचे महत्त्व प्रतिनिधी नुसता सही करतो की भाजीचा भाव विचारतो यावर ठरते. भाव विचारणारे पोर व्यवस्थेला आवडत नाही. त्याला 'आगाऊ' म्हणतात. पुढच्या वर्षी शिक्षकांच्या शिफारशीने नेमणूक होते आणि सालस मुलगा कॅप्टन होतो.

सालसपणाचे आपल्याला फार वेड. १९९४ च्या कायद्याने आपण विद्यापीठांतल्या विद्यार्थी निवडणुका बंद करून गुणवत्तेवर नेमणुकांची पद्धत आणली. त्यामागे मारामाऱ्यांचे खरे कारण होते, ते नाकारता येत नाही. पण निवडून न आलेला प्रतिनिधी कोणाकडे पाहून बोलतो? ज्याने नेमले त्याच्याकडे. मग एके दिवशी मुले प्रतिनिधींना वगळूनच रस्त्यावर येतात. २०१८ च्या जुलैमध्ये वसतिगृहात जेवण देण्याऐवजी खात्यात पैसे जमा करण्याच्या निर्णयाविरुद्ध आदिवासी विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. निर्णय बरोबर की चूक यावर दोन मते असू शकतील. माझा प्रश्न साधा आहे. जेवणाचा निर्णय घेण्याआधी जेवणाऱ्यांना विचारायची एखादी जागा असती तर त्या मुलांना भर पावसात महामार्गावर चालावे लागले असते का?

यावर शिक्षक मंडळी म्हणतात, "तुम्ही बाहेरून बोलता. दोनशे पोरं, आम्ही चौघं. मॉनिटर नसला तर एक रात्र निघणार नाही." त्यांचे खोटे नाही. अर्नोल्डसाहेबांची अडचण तीच होती. मॉनिटर हवाच. मात्र त्याच्या हाती छडी नको. अंगठे धरायला लावणे, रात्री जागे ठेवणे, जेवण तोडणे यांतले काहीही मुलाने मुलाला करायला नको. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये जी मारहाण आणि मानसिक छळ गुरुजींनाही वर्ज्य केला, तो गुरुजींनी मुलाच्या हातून करवून घ्यावा हा कुठला न्याय? उलट त्याच्या हाती जे द्यायला आपण कचरतो ते द्यावे. कोठीची वही द्यावी, पण ती महिन्यातून एकदा पंगतीत मोठ्याने वाचली जावी. आरोग्यमंत्र्याला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांचा नंबर पाठ असावा आणि फोन कुलपात नसावा. अधीक्षकाविषयीची तक्रार अधीक्षकाच्याच हातून पुढे जाणार नाही, अशी एक वाट असावी. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक भिंतीवर रंगवलेला असतो. तो फिरवायला फोन कुठे आहे, हेही कुणीतरी रंगवायला हवे. आणि पालकांनी, महिन्याच्या भेटीत शेव-चिवड्याचा डबा देताना, आपल्या मुलाइतकेच शेजारच्या मुलालाही विचारावे की तुमचा कॅप्टन कसा आहे.

त्या आश्रमशाळेतून निघण्यापूर्वी मी मुलींच्या वसतिगृहाच्या पायरीवर पुन्हा त्या आरोग्यमंत्र्यापाशी थांबलो. या वेळी मुख्याध्यापक बरोबर होते, सज्जन गृहस्थ. मुलीने न सांगता आतून एक शंभर पानी वही आणली. स्वतः आखलेली. रकाने होते : तारीख, नाव, वर्ग, काय होते, किती वाजता. आणि शेवटचा रकाना, 'बाई आल्या का'. त्यात बहुतेक ठिकाणी 'हो' होते. काही ठिकाणी 'सकाळी'. तीन-चार ठिकाणी नुसती आडवी रेघ.

मुख्याध्यापकांनी उभ्यानेच पाने चाळली. मग पायरीवर बसून पहिल्यापासून वाचू लागले. ही वही त्यांनी पूर्वी पाहिली नव्हती हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते. वाचून झाल्यावर ती मिटून त्यांनी काखेत धरली आणि ऑफिसकडे वळले. मुलगी मागून धावली.

"सर, वही ठेवून जा. रात्री लागते."